पाच हातांचा कायदा

सोलापूरच्या एस.टी. स्टँडवरच माझं पहिलं भांडण झालं. माझ्याकडे जाळीच्या पिशवीत बास्केटबॉलचे चेंडू होते आणि कंडक्टरचं म्हणणं असं, की ते टपावर गेले पाहिजेत. टपावर कोंबड्यांचं खुराडं, कडब्याच्या पेंढ्या आणि कुणाचा तरी लोखंडी पलंग. मी म्हणालो, मांडीवर घेऊन बसतो. तो म्हणाला, मांडीवर लेकरं बसत्यात, लगेज न्हाय. शेवटी मागच्या बाकावरच्या एका म्हातारीनं निकाल दिला, "बसू दे की रं त्यास्नी. भोपळं हैत, कुणाला चावत न्हाईत." आणि मी माझे भोपळे मांडीवर घेऊन नळदुर्गला निघालो.

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या घरी आणि पुण्यातल्या मैदानांवर सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत व्यायाम शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी बास्केटबॉलचा पंच म्हणून शिट्टी फुंकतो. मराठी राज्य नुकतंच झालं होतं. मराठवाडा आधी निजामाचा, मग हैदराबाद राज्याचा, मग द्विभाषिकातला, असं करत करत आता आपल्यात आला होता. खेळाच्या मंडळींना वाटलं, राज्य एक झालं तर नियमही एक असावेत, म्हणून आम्हा पंचांना एकेक जिल्हा वाटून दिला. माझ्या वाट्याला उस्मानाबाद आला; गावची माणसं त्याला अजून धाराशिवच म्हणतात. सोलापूरच्या पंचांनी निघताना मला कानात सांगितलं होतं, की नळदुर्गची पोरं चपळ आहेत, पण खेळ वेडा आहे. रिकाम्या टोपलीखाली एकटा उभा असलेला गडी चेंडू टाकत नाही, मागे देतो. त्यांच्या कादर मास्तरांना जरा समज द्या. ती समज मी वाटभर मनात घोळवत होतो. दोन-तीन वाक्यं तर इतकी खणखणीत जमली होती, की कधी एकदा बोलतो असं झालं होतं.

हैदराबादकडे जाणारा तो रस्ता सरळ आहे. दोन्ही अंगांना काळी जमीन, निसवायला आलेली ज्वारी, मधेच करडईचे काटेरी पट्टे. समोरून मालट्रक आला की आमची गाडी अर्धी रस्त्याखाली उतरायची आणि धुळीनं सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. मग एका वळणावर अचानक किल्ला दिसला. डोंगर नाही, उंचवटा नाही, आणि सपाट रानात एवढी थोरली काळी तटबंदी. बोरी नदी तिला वळसा घालून गेली आहे. मी चेंडू विसरून खिडकीबाहेर डोकं काढलं, आणि कंडक्टरनं मला दुसऱ्यांदा झापलं.

स्टँडवर मला न्यायला एक उंच, देखणा तरुण सायकल घेऊन आला होता. धोतर नाही, स्वच्छ पायजमा, आणि बोलण्यात अदब. म्हणाला, मी रंगनाथ, पाटलांचा. संघाचा कप्तान.

"मास्तर कुठं आहेत?" मी विचारलं.

"मास्तर गेले, साहेब."

"कधी येतील?"

त्यानं सायकलची घंटी उगाच बोटानं पुसली. "वारले, साहेब. पोळा झाला आन् गेले."

 ज्याला झापायला आलो तो माणूसच नाही. माझी सगळी खणखणीत वाक्यं वाया गेली. मला रागही आला, कुणावर ते कळेना. "मग कुणी कळवलं का नाही?" मी तरी ओरडलोच.

"कुनाला कळवायचं?" रंगनाथ म्हणाला. "त्यांची मानसं समदी हितंच हुती."

पिशवी सायकलला लावून आम्ही मैदानावर गेलो. तिथं दुसरा धक्का. मी खडी-मातीचं काहीतरी असेल असं धरून चाललो होतो. हे मैदान शेणानं सारवलेलं होतं. घरची ओसरी सारवावी तसं, इकडून तिकडं, एक भेग नाही. रेषा पांढऱ्या मातीच्या. दोन्ही टोकांना बाभळीचे खांब, त्यांवर जुन्या दारांच्या फळ्या, आणि टोपलीच्या जागी मोटेचं लोखंडी कडं. (मोट म्हणजे विहिरीतून बैलांनी पाणी ओढायची कातड्याची पोतडी, तिचं तोंड उघडं राहावं म्हणून हे कडं असतं.) खाली सुताची जाळी विणलेली. मी पट्टी काढून कडं मोजलं. नियमापेक्षा बोटभर मोठं होतं, आणि एवढ्या बोटभर फरकावर भांडायची माझी त्या वेळी हिंमत झाली नाही.

"जाळी कुणी विणली?"

"माझ्या बापानं," मागून आवाज आला. हा निवृत्ती. वेशीबाहेरच्या वस्तीतला, दोरखंड वळणाऱ्या घरातला. रंगनाथपेक्षाही वीतभर उंच, हात गुडघ्यापर्यंत पोचतील असे. त्यानं माझ्या पिशवीतला एक चेंडू घेतला, दोनदा जमिनीवर आपटला आणि अर्ध्या मैदानावरून टाकला. चेंडू कड्याला न लागता जाळीतून खाली आला. मी आयुष्यात पुष्कळ खेळाडू पाहिलेत. हा गडी पाहून माझा राग पार उतरला.

रंगनाथनं मग सगळं सांगितलं. येत्या रविवारी उस्मानाबादला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. पोलिसांच्या संघातले साहेब ती बघायला येणार होते आणि एक उंच खेळाडू उचलणार होते. उचलला तो नोकरीला लागला. मास्तरांनी आजारपणात एकच धोशा लावला होता, की तो एक निवृत्ती असला पाहिजे. "आमाला बाकी कायबी नगं," रंगनाथ म्हणाला. "येवढं व्हायाला पायजे."  निवृत्तीच्या तोंडाकडे बघून मला कळलं, की रविवारशिवाय त्याच्या डोक्यात दुसरं काही नाही.

मैदानाच्या कडेला बाजल्यावर (खाटेवर) आबा पाटील सुपारी कातरत बसले होते, रंगनाथचे वडील. जमीन त्यांची. त्यांच्या शेजारी त्यांचे चुलतभाऊ दाजीबा आणि भावकीतले आणखी काही फेटेवाले. मी नमस्कार केला. दाजीबा म्हणाले, "हितं तूर चांगली आली असती, साहेब." आबा म्हणाले, "खेळू द्या की पोरांला." ह्यावरून त्या दोघांचं काय चालत असेल ते मला समजलं.

मी शिट्टी काढली, पोरांचे दोन गट पाडले आणि खेळ सुरू केला. जरा वेळानं चेंडू निवृत्तीकडे आला. तो टोपलीखाली एकटा. कुणी अडवायला नाही. त्याचे हात वर गेले आणि सवयीनंच असेल, चेंडू सुटून जाळीतून खाली आला. टोपली पडली. मी शिट्टी फुंकून दोन बोटं वर केली.

सगळे निवृत्तीकडे बघू लागले.

"टोपली न्हाय, साहेब," निवृत्ती खाली बघत म्हणाला.

"काय नाही?"

"धरू नगा. चुकून सुटला."

मला वाटलं, पोरगं माझी थट्टा करतंय. मी म्हणालो, अरे, पडली, मी डोळ्यांनी पाहिली. रंगनाथ म्हणाला, न्हाय साहेब, तिघांचंच हात लागल्यात. समोरच्या गटातला एक जण म्हणाला, व्हय, तिघांचंच. स्वतःची टोपली नको म्हणणारा संघ मी जन्मात पाहिला नव्हता. माझं डोकं भडकलं. मी ओरडलो, हे काय चाललंय, पंच मी आहे की तुम्ही?

तेव्हा बाजल्यावरून दाजीबा म्हणाले, "पंच आसून तुमाला ठाव न्हाय? पाची हात लागल्याबिगर टोपली धरत न्हाईत. हैदराबादचा कायदा हाय त्यो. मास्तर लष्करातनं शिकून आल्ते."

नियमांचं छापील पुस्तक माझ्या खिशात होतं. मी ते बाहेर काढलं सुद्धा. पण रंगनाथ माझ्या आणि बाजल्याच्या मधे येऊन उभा राहिला. "साहेब, खाला जेवायला थांबलीय," तो म्हणाला. "आधी जेवा. मंग काय सांगायचं ते सांगा." आणि त्यानं मला जवळजवळ ढकलतच नेलं.

खाला (मावशी) म्हणजे कादर मास्तरांची बायको. किल्ल्याच्या दरवाजापासून जवळच दोन खोल्यांचं घर, दारात शेवग्याचं झाड. तिनं खिचडी आणि खट्टा (चिंचेचं आंबट सार) वाढला, वर भाजलेला पापड. मी चार घास खाल्ले आणि न राहवून विचारलं, की हा पाच हातांचा काय प्रकार आहे. रंगनाथ तोवर निघून गेला होता. खालानं दार अर्धं लोटलं.

"तो कायदा न्हाय, साहेब," ती म्हणाली. "तुमाला ठाऊकच असंल. मास्तरांनी मनानं काढला."

"मनानं?" मी विचारलं.

मग तिनं सांगितलं. निजामाच्या फौजेतून मास्तर हा खेळ शिकून आले होते. विलीनीकरणानंतर शाळेत ड्रिल मास्तर झाले. वेशीबाहेरची चार पोरं त्यांनी हाताला धरून मैदानावर आणली. पण चेंडू त्यांच्याकडे कुणी देईच ना. चुकून गेला, तर बाकीचे खेळ सोडून घरी जायचे आणि घरच्या बाया येऊन चेंडूवर पाणी शिंपडायच्या. शिंपडून शिंपडून तो कातडी चेंडू फुगून एका अंगानं फाटला. "तवा एक दिस सांजच्याला सगळे जमले हुते," खाला म्हणाली, "आन् हे उठून बोलले, हैदराबादहून नवा कायदा आलाय. पाचाच्या पाच जणांचे हात चेंडूला लागले तरच टोपली. न्हाय तर सरकार खेळ बंद करतंय."

"आणि लोकांनी ऐकलं?"

"कायदा म्हटल्यावर ऐकत्यात." तिनं मला आणखी खट्टा वाढला. "साहेब, निजामाचं राज्य बुडालं त्या साली दंग्यात आमी दोघं पाटलांच्या कडब्याच्या गंजीत लपून हुतो. गावात आमचं कोन न्हाय. आन् हा मानूस त्याच गावाला खोटा कायदा सांगून घरी येतो आन् भाकर मागतो. माझं काळीज ठिकाणावर नव्हतं."

मी हतबुद्ध झालो होतो.  खालाचं मागणं एकच होतं. हे पोरांना कळू देऊ नका. त्यांना ते खरं वाटतं. मास्तर आपल्याशी खोटं बोलले, हे त्यांना समजलं तर मास्तरांचं काय राहिलं? आणि भावकीला कळलं तर दाजीबा दुसऱ्याच दिवशी मैदानात नांगर घालतील.

"पण खाला," मी म्हणालो, "ह्या कायद्यानं खेळला तर निवृत्तीची निवड व्हायची नाही. दर वेळी चेंडू पाच हातांतून फिरणार, तोवर समोरचे येऊन उभे राहणार. त्याला टाकायला मिळणार किती? बघणाऱ्यांना तो दिसणार कसा?"

तिनं खट्ट्याचं भांडं झाकून ठेवलं. मग म्हणाली, "ते मला कळतंय, साहेब. इलाज कळत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथ आणि निवृत्ती मला किल्ला दाखवायला घेऊन गेले. नदीवर धरणासारखी भिंत आहे आणि त्या भिंतीच्या पोटात महाल. पावसाळ्यात वरून पाणी पडतं आणि आत माणूस कोरडा राहतो, असं म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा पाणी थोडं होतं, पण आत गारवा होता आणि कमानीतून समोरचं रान दिसत होतं. येताना मी एक गोष्ट टिपली होती. मैदानात निवृत्ती 'रंगा, इकडं दे' असं ओरडायचा. मैदानाबाहेर पाऊल पडलं, की 'धाकले पाटील' म्हणायचा आणि दोन पावलं मागून चालायचा.

मी खालाला शब्द दिला होता, त्यामुळे आडून आडून बोलू लागलो. म्हणालो, खेळात कधी कधी नियम बदलतात. रंगनाथनं मला मधेच थांबवलं.

"साहेब, आमाला ठाव हाय."

"काय ठाऊक आहे?"

"त्यो कायदा न्हाय ते. सोलापूरला पैल्यांदा खेळाया गेलो, तवाच कळलं. थितला पंच लई हसला."

 म्हणजे ही पोरं कित्येक वर्षं जाणूनबुजून आपल्या टोपल्या सोडून देत होती. "मग मास्तरांना का नाही सांगितलंत?"

"कसं सांगनार?" निवृत्ती म्हणाला. "आमच्यापायी खोटं बोलला मानूस. त्याला तोंडावर म्हणायचं, तुमी खोटं बोलला?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला मी आवाज चढवला. म्हणालो, ते ठीक आहे, पण रविवारी खऱ्या नियमानं खेळा आणि निवृत्तीला टाकू द्या, नोकरीचा प्रश्न आहे. रंगनाथ म्हणाला, मीबी त्येच म्हनतोय. पण निवृत्तीनं मान हलवली.

"भावकी समदी ट्रकातनं येनार. त्यांनी बघितलं म्हंजी झालं. मला नोकरी लागंल, म्या जाईन निघून. माझ्या मागं वस्तीतली धाकली पोरं हैत. त्यांच्या हातात चेंडू कोन देनार? न्हाय साहेब. पाची हात लागूनच टाकनार."

मी त्याला समजावलं, रागावलो, हात जोडले. तो हलला नाही.

रविवारी पाटलांनी ठरवलेल्या ट्रकातून आम्ही उस्मानाबादला निघालो. पुढं केबिनमधे आबा आणि मी, मागं पोरं, वस्तीतली लहान मुलं, दाजीबा आणि भावकी. वाटेत तुळजापूरला मंडळी देवीचं दर्शन घेऊन आली. स्टँडजवळ एका हॉटेलच्या दारात पाणी प्यायला सगळे उतरले. रंगनाथ आणि बाकीचे पेल्यानं प्याले. निवृत्ती आणि ती लहान मुलं बाजूला ओंजळ धरून बसली आणि हॉटेलवाल्यानं वरून पाणी ओतलं. कुणाला त्याचं काही वाटलं नाही, निवृत्तीला सुद्धा नाही. मला मात्र कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. कालपर्यंत एका चेंडूला हात लावणारी ही पोरं. मी दाजीबांना म्हणालो, अहो, हे काय? ते शांतपणे म्हणाले, "ख्योळ येगळा, पानी येगळं."

सामना लातूरच्या संघाशी होता. उस्मानाबादला मैदान चांगलं होतं, एका टोकाला मांडव, त्यात निवड करणारे साहेब. शिट्टी माझ्याकडे. लातूरच्यांनी पहिल्याच मिनिटाला झटक्यात टोपली टाकली आणि दाजीबा उठून ओरडले, "दोघांचंच हात लागल्यात."  रंगनाथ पळता पळता त्यांना म्हणाला, "काका, लातूरला आजून कायदा पोचला न्हाय, जाऊ द्या." दाजीबा खाली बसले. मला एकीकडे हसू येत होतं आणि दुसरीकडे धास्ती वाटत होती.

नळदुर्गची पोरं मोजून पाच हात फिरवत होती. तोवर लातूरचे तिघं निवृत्तीभोवती उभे. तो टाकायचा, पण गर्दीतून. मांडवातले साहेब लातूरच्याच एका पोराकडे बोट दाखवून आपसांत बोलू लागले. मला सगळं दिसत होतं आणि पंचाला करण्यासारखं काहीच नव्हतं.

मध्यंतरानंतर रंगनाथच्या हातात चेंडू आला. निवृत्ती पलीकडे टोपलीखाली मोकळा होता. रंगनाथनं एकदा बापाकडं पाहिलं आणि चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून थेट निवृत्तीकडे फेकला. निवृत्तीनं तो झेलला आणि तसाच उभा राहिला. टाकेना.

"टाक," रंगनाथ म्हणाला. निवृत्तीनं मान हलवली. "निवृत्ती, मास्तरची आन हाय तुला. टाक."

त्यानं टाकला. टोपली पडली. मी दोन बोटं वर केली.

त्यानंतर रंगनाथ थांबलाच नाही. मिळेल तो चेंडू निवृत्तीला. पाच हात नाहीत, तीन नाहीत, ह्याच्या हातून त्याच्या हातात. कुठल्या कायद्यानं भाग पाडलं नव्हतं, तरी पाटलाचं पोर चेंडू त्यालाच देत होतं. मांडवातले साहेब उठून उभे राहिले. इकडे भावकीही उठून उभी राहिली. दाजीबा तरातरा रेषेपर्यंत आले. "ह्यो काय ख्योळ हाय? पाच हात कुठं हैत? कायदा हाय का न्हाय?"

मी खेळ थांबवला. सगळे आबा पाटलांकडे बघू लागले. आबा सावकाश उठले, आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"दाजीबा, हैदराबादचं राज गेलं," ते म्हणाले. "तवा त्यो कायदाबी गेला आसंल. पंचसाहेब पुन्याहून नवा कायदा घिऊन आल्यात. काय म्हनतो त्यो, सांगा की ह्यास्नी."

आणि त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं.

पुस्तक माझ्या खिशात होतं. त्यात काय आहे ते मला पाठ आहे. ट्रकाच्या फळीवर वस्तीतली लहान मुलं ओळीनं बसली होती. निवृत्ती चेंडू पोटाशी धरून उभा होता आणि त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. बोटभर फरकासाठी सामने थांबवणारा मी माणूस. मी तोंड उघडलं आणि जे बाहेर पडलं ते ऐकून माझं मलाच नवल वाटलं.

"नव्या कायद्यात पाच हातांची अट नाही," मी म्हणालो. "पण सामना संपायच्या आत संघातल्या प्रत्येकानं टोपलीवर चेंडू टाकलाच पाहिजे. एक जरी राहिला, तरी अख्खा संघ बाद."

"परतेकानं?" दाजीबा म्हणाले.

"प्रत्येकानं. मग तो कुणाच्याही घरचा असो."

"छापलंय?"

"छापलंय." मी खिशावर हात मारला.

लातूरचा कप्तान आ वासून माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं तोंड मिटलं. दाजीबांनी थोडा विचार केला, पागोटं नीट केलं आणि जाऊन बसले. उरलेल्या वेळात नळदुर्गच्या संघातल्या प्रत्येकानं इमानेइतबारे टोपलीवर चेंडू टाकला. एकाचा तर मांडवात गेला. सामना आम्ही हरलो. पंचानं 'आम्ही' म्हणू नये, पण आता काय. मांडवातल्या साहेबांनी निवृत्तीला बोलावलं, उंची मोजली आणि विचारलं, कामावर कधी हजर होशील. तो 'उद्या' म्हणाला आणि मग तिथंच मांडवाच्या खांबाला धरून रडला. रंगनाथ त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

परतीच्या वाटेवर केबिनमधे आबांनी सुपारी कातरायला घेतली. मग म्हणाले, "साहेब, ह्यो ख्योळ म्या हैदराबादला पलटनीत बघितल्याला. मास्तर गावात यायच्या लई आधी."

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो गाडी हाकत होता. "म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग बोलला नाहीत?"

"बोललो आसतो तर पोरांला चेंडू मिळाला आसता का? म्या सांगितलं आसतं, समद्यांला द्या, तर भावकीनं मलाच वाळीत टाकलं आसतं. मास्तरनं कायदा म्हटलं आन् मला गप बसायला जागा झाली."

माझा तोल गेला. म्हणालो, मग पाण्याचाही असाच एखादा कायदा काढायचा होता.

आबा हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "पान्याचा तर खरा कायदा हाय, साहेब. सरकारनं केलाय. त्यो कोन ऐकतंय?" पुष्कळ अंतर गेल्यावर ते पुन्हा म्हणाले, "मला भ्या वाटतं, साहेब. एवढा पाटील मी, पन भ्या वाटतं. माझ्या गंजीत लपून ऱ्हायल्याला मानूस, त्याला वाटलं न्हाय."  

मी निघालो त्या दिवशी खाला स्टँडवर आली. फडक्यात धपाटे बांधून आणले होते. गाडी सुटायला वेळ होता. ती खिडकीपाशी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "साहेब, पोरांना कळलं न्हाय ना?"

मी नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. भर मैदानात खिशावर हात मारून खोटं बोललो होतो, मग इथं एका शब्दाला काय जड होतं? पण ती पुढं बोलली. "हे दर जुम्म्याला नमाजात माफी मागायचे. लेकरांशी खोटं बोललो म्हणून. शेवटच्या दुखण्यात बी तेच. पोरांना कळलं तर त्यांना काय वाटंल, हेच टोचत राहिलं त्यांना."

मग मला राहवलं नाही. "खाला, त्यांना ठाऊक आहे," मी म्हणालो. "सोलापूरला पहिल्यांदा गेले तेव्हापासून. मास्तरांना वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत."

ती खिडकीची सळई धरून उभी राहिली. मला वाटलं, मी हे काय करून बसलो.

"तवापासून?" ती म्हणाली. "आन् त्यांच्यासमोर रोज पाच हात मोजत हुते?"

"हो."

"म्हंजी पोरंबी त्यांच्याशी खोटं बोलली."

"हो, खाला."

तिनं पदरानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. "मग शिकली म्हणायची," ती म्हणाली आणि गाडी सुटायच्या आतच वळून घराकडे चालू लागली.

पुण्याला घरी आलो. हात-पाय धुऊन जेवायला बसलो आणि बायकोला सगळं सांगू लागलो. मास्तर असे होते, मास्तरांनी तसं केलं, मास्तरांचं मैदान, मास्तरांची पोरं.  शाळेतली आणि मैदानातली इतकी वर्षं माझ्या डोळ्यांपुढून गेली, आणि त्यात मी कितीदा शिट्टी फुंकून खेळ थांबवला ते आठवलं. माझ्या मैदानावर चेंडू कुणापर्यंत पोचत नाही, ते एकदा सुद्धा पाहिल्याचं आठवेना.

"अहो," ती म्हणाली, "पण ते तर आधीच वारले होते ना? तुम्ही त्यांना भेटलात कुठं?"

"नाही भेटलो," मी म्हणालो, आणि ताट बाजूला सारलं.